रुग्णाच्या नमुन्यातून जिवाणूंचा डीएनए: कोणती पद्धत कोणत्या नमुन्याला?

१८६९ साली ट्यूबिंगेनच्या एका प्रयोगशाळेत फ्रीड्रिख मीशर हा तरुण स्विस डॉक्टर शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या पुवाने भिजलेल्या पट्ट्या मागवून घ्यायचा. त्या धुऊन, डुकराच्या जठरातल्या पेप्सिनने प्रथिनं पचवून, पेशींच्या केंद्रकातून त्याने फॉस्फरस असलेला एक पदार्थ वेगळा केला आणि त्याला ‘न्यूक्लेइन’ म्हटलं. डीएनए पहिल्यांदा माणसाच्या हाती लागला तो असा, थेट रुग्णाच्या नमुन्यातून. त्या पुवात जिवाणूही असणारच, पण मीशरला मिळाला तो रुग्णाच्या पांढऱ्या पेशींचा डीएनए. त्याला तोच हवा होता. रोगाचे जिवाणू शोधणाऱ्या आपल्याला तो नको असतो, आणि तरीही पहिल्यांदा हाती येतो तोच.

हिशेब मांडून बघा. एक मिलिलिटर रक्तात ५० लाख पांढऱ्या पेशी धरल्या आणि प्रत्येकीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए, तर झाले ३३ मायक्रोग्रॅम. प्रौढ रुग्णाच्या सेप्सिसमध्ये त्याच मिलिलिटरभर रक्तात जिवंत जिवाणू बरेचदा दहाच्या आत असतात. ई. कोलायचा जीनोम सुमारे ४६ लाख बेस पेअरचा, वजन ५ फेम्टोग्रॅमच्या आसपास. दहा जिवाणूंचे झाले ५०. म्हणजे जिवाणूच्या एका भागामागे माणसाचे ६६ कोटी भाग. दर्या में खसखस म्हणतात ती ही.

म्हणून ‘कुठल्या पद्धतीने जास्त डीएनए मिळतो?’ हा प्रश्न, जो नवीन माणूस हमखास आधी विचारतो, तो मला बिनकामाचा वाटतो. नॅनोड्रॉपवर (प्रकाशाच्या शोषणावरून डीएनए मोजणारं यंत्र) भरघोस आकडा दिसला तर पांढऱ्या पेशी छान फुटल्या एवढंच कळतं. विचारायचं ते हे: या नमुन्यात कोणते जिवाणू अपेक्षित आहेत, त्यांची भिंत या पद्धतीने फुटते का, आणि पुढच्या चाचणीला नडणारं काय काय सोबत येतं? पद्धतींची तुलना करायची ती याच अंगाने.

उकळणं आणि केलेक्स

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बदनाम पद्धत. पेशी सेंट्रिफ्यूज करून खाली बसवायच्या, तळाचा गोळा, म्हणजे पेलेट, पाण्यात किंवा टीई बफरमध्ये (ट्रिस आणि ईडीटीएचं द्रावण) मिसळायचा, ९५ ते १०० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटं ठेवायचा, पुन्हा फिरवायचा आणि वरचं पाणी पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीला, वापरायचं. बदनामी निम्मीच खरी आहे. प्लेटवर वाढलेली ई. कोलाय किंवा साल्मोनेलाची कॉलनी असेल तर मी अजूनही हेच करते. अशा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंची भिंत पातळ, एका कॉलनीत कोट्यवधी पेशी. त्यातल्या थोड्या फुटल्या तरी पीसीआरला पुरून उरतात. तिथे महागडं कॉलम (डीएनए अडवून साफ करणारी पडद्याची नळी) वापरणं म्हणजे हौस.

घोळ होतो तो हीच युक्ती थेट थुंकीवर किंवा रक्तावर लावली की. उकळल्याने पेशी फुटतात, पण साफ काहीच होत नाही. हीम, इम्युनोग्लोब्युलिन, पित्तक्षार, जे काही पॉलिमरेजच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमच्या, वाटेत येतं ते सगळं त्याच पाण्यात तरंगत राहतं. शिवाय जाड भिंतीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू नुसत्या उकळीला पुरते दाद देत नाहीत.

केलेक्स ही त्याच पद्धतीची थोडी शहाणी बहीण. बारीक मण्यांचं हे रेझिन मॅग्नेशियमसारखे धातूंचे आयन धरून ठेवतं. डीएनए कापणाऱ्या एन्झाइमना हे आयन लागतात, त्यामुळे डीएनए वाचतो. ५ टक्के केलेक्समध्ये नमुना उकळायचा, मणी खाली बसवायचे, वरचं घ्यायचं. न्यायवैद्यक प्रयोगशाळांमध्ये १९९१ पासून हे रुळलेलं आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. उकळीमुळे डीएनएचे दोन धागे सुटे होतात, त्यामुळे हा डीएनए पीसीआरला चालतो, ठरावीक जागी डीएनए कापणाऱ्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमला चालत नाही. आणि पिपेटच्या टोकातून चार मणी जरी पीसीआरच्या नळीत गेले तरी ते तिथलंही मॅग्नेशियम गिळतात आणि पीसीआर बंद पडते. पिपेटचं टोक खाली न्यायचं नाही, थोडं द्रव मागे राहिलं तर राहू द्यायचं.

असं कच्चं द्रावण त्याच दिवशी वापरलं तर ठीक. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी करायची शक्यता असेल तर या दोन्ही पद्धती विसरा.

फिनॉल, क्लोरोफॉर्म आणि सीटॅब

फिनॉल, क्लोरोफॉर्म आणि आयसोअमिल अल्कोहोल २५:२४:१ या प्रमाणात. प्रथिनं फिनॉलमध्ये आणि मधल्या पांढऱ्या थरात अडकतात, डीएनए वरच्या पाण्यात राहतो. मग इथेनॉलने खाली बसवायचा, ७० टक्के इथेनॉलने धुवायचा. नीट जमलं तर मिळणारा डीएनए भरपूर असतो आणि लांब तुकड्यांचा असतो. लाँग-रीड सिक्वेन्सिंग (डीएनएचे लांब तुकडे सलग वाचण्याचं तंत्र) आल्यापासून या जुन्या पद्धतीला पुन्हा मान मिळाला आहे तो याचमुळे.

पण फिनॉलचा पीएच ८ च्या आसपास हवा. आम्लधर्मी फिनॉलची बाटली, जी आरएनएसाठी ठेवलेली असते, ती चुकून हाती आली तर डीएनए वरच्या थरात राहतच नाही, आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत रिकामं पाणी इथेनॉलमध्ये टाकत बसता. शिकताना ही चूक मी केली आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायची सवय तेव्हापासूनची.

फिनॉल कातडीला भाजतं आणि त्याच वेळी ती बधिरही करतं, म्हणून भाजल्याचं उशिरा कळतं. क्लोरोफॉर्मची वाफ वेगळीच. फ्यूम हुड नसेल, किंवा टाकाऊ सॉल्व्हंट वेगळं गोळा करायची सोय नसेल, तर ही पद्धत निवडण्याचा प्रश्नच येत नाही. रोजचे ४० नमुने असतील तरी नाही: प्रत्येक थर हाताने उचलताना मनुष्यागणिक फरक पडतो, आणि नळ्या वारंवार उघडल्याने एका नमुन्यातलं दुसऱ्यात जायची भीतीही वाढते.

सीटॅब हा या घराण्यातला खास माणूस, मायकोबॅक्टेरियासाठी. हे डिटर्जंट ०.७ मोलर मिठाच्या द्रावणात, ६५ अंशांवर, भिंतीतल्या पॉलिसॅकराइडना धरतं आणि क्लोरोफॉर्मने त्यांना बाजूला काढता येतं. मिठाचं प्रमाण कमी पडलं तर सीटॅब डीएनएलाच घेऊन खाली बसतं, त्यामुळे इथे मीठ अंदाजपंचे चालत नाही. आयएस६११० (क्षयजंतूंच्या जीनोममध्ये पुन्हा पुन्हा येणारा डीएनएचा तुकडा) वापरून क्षयजंतूंचं ठसे-परीक्षण १९९३ मध्ये प्रमाणित झालं, तेव्हा लायसोझाइम (भिंत तोडणारं एन्झाइम), प्रोटीनेज के (प्रथिनं पचवणारं) आणि सीटॅब हीच वाट घेतली होती. ते वाढवलेल्या कल्चरवरचं काम होतं, थेट थुंकीवरचं नव्हे. हा फरक पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

सिलिका: कॉलम की मॅग्नेटिक बीड्स

१९९० मध्ये अॅम्स्टरडॅमच्या रेने बूम आणि सहकाऱ्यांनी एक साधी पद्धत प्रसिद्ध केली: ग्वानिडिनियम थायोसायनेटमध्ये नमुना विरघळवा, त्यात सिलिकाचे कण घाला. या क्षाराच्या दाट द्रावणात डीएनए सिलिकाला चिकटतो, बाकीचं धुऊन जातं, आणि कमी क्षाराच्या बफरमध्ये डीएनए पुन्हा सुटतो. सीरम आणि लघवीसारख्या रुग्णांच्या नमुन्यांसाठीच ती काढलेली होती. आज बाजारात मिळणारी बहुतेक किट, कॉलमची असोत की चुंबकी मण्यांची, याच कल्पनेवर चालतात. म्हणून ‘कॉलम चांगलं की बीड्स?’ हा वाद रसायनाचा कमी आणि कामाच्या पद्धतीचा जास्त आहे.

दिवसाला दहा-वीस नमुने, एक साधं मायक्रोसेंट्रिफ्यूज, हातात दोन तास: कॉलम. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही. त्याची खोड एकच, घट्ट नमुना अडकतो. थुंकी नीट पातळ केलेली नसेल तर पडदा तुंबतो आणि तीनदा फिरवूनही द्रव वर तसंच उभं राहतं. बीड्सना तुंबण्याचा त्रास नाही, यंत्रावर ९६ नमुने एकाच वेळी जातात, आणि कालच्या नि आजच्या निकालात हाताचा फरक पडत नाही. पण मणी नीट मिसळले गेले नाहीत तर डीएनए कमी येतो. धुतल्यावर फार वेळ वाळवले तर तो मण्यांना धरून बसतो. आणि थोडे तपकिरी मणी शेवटच्या द्रवात आले तर पीसीआर रुसते.

दोन्हींत सारखीच लागू पडणारी गोष्ट म्हणजे उरलेलं इथेनॉल. शेवटचं धुणं झाल्यावर कॉलम रिकामं फिरवायची पायरी घाईत गाळणारे पुष्कळ भेटतात. इथेनॉल पीसीआरला मारतं, आणि मग दोष प्रायमरवर (पीसीआरला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) येतो.

आणखी एक, सुरक्षेचं. ग्वानिडिन असलेल्या टाकाऊ द्रवात ब्लीच कधीही ओतू नका. विषारी वायू निघतात. संसर्गजन्य सांडलं की ब्लीच ओतायचं हे आपल्या हाताला इतकं बसलेलं असतं की हा इशारा सिंकवर चिकटवूनच ठेवावा.

भिंत फुटली नाही तर पुढचं सगळं वाया

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? किटच्या पुस्तिकेत शुद्धीकरणाची पानंच्या पानं असतात आणि भिंत फोडण्याबद्दल दोन ओळी. खरं तर दोन पद्धतींच्या निकालात जो फरक दिसतो तो बहुतेक वेळा याच दोन ओळींतून येतो.

मायकोप्लाझ्माला भिंतच नाही, ते डिटर्जंटने विरघळतं. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांना प्रोटीनेज के आणि एसडीएस हे डिटर्जंट ५६ अंशांवर पुरतं. स्टॅफिलोकोकस ऑरियसपाशी मात्र गाडी अडते. लायसोझाइम पेप्टिडोग्लायकनमधले साखरेचे दुवे तोडतं, पण या जिवाणूने आपल्या साखरेवर असिटाइल गट लावून ठेवलेले असतात, त्यामुळे नुसतं लायसोझाइम त्याच्यावर जवळपास निकामी ठरतं. त्याला लागतं लायसोस्टॅफिन, जे ग्लायसिनचे पूल कापतं. स्ट्रेप्टोकोकसला म्युटॅनोलायसिन उपयोगी पडतं. म्हणजे एन्झाइमची वाट घ्यायची तर जिवाणू कोणता हे आधी माहीत हवं, आणि निदानात तेच तर शोधायचं असतं. एन्झाइमांचं मिश्रण वापरता येतं, फक्त क्रम चुकवू नका. आधी लायसोझाइम ३७ अंशांवर, मगच प्रोटीनेज के. एकदम टाकलं तर प्रोटीनेज के लायसोझाइमलाच खाऊन टाकतं.

दुसरी वाट आडदांड, पण निःपक्षपाती: बीड-बीटिंग. ०.१ मिलिमीटरचे काचेचे किंवा झिर्कोनियाचे मणी घालून नळी जोरात हलवायची. मण्यांना जिवाणू कोण याच्याशी देणंघेणं नसतं. स्टॅफ, एंटेरोकोकस, क्लोस्ट्रिडियम, क्षयजंतू, सगळ्यांची भिंत फुटते. २०१७ मध्ये विष्ठेच्या नमुन्यांवर २१ पद्धतींची मोठी आंतरराष्ट्रीय तुलना प्रसिद्ध झाली. एक्स्ट्रॅक्शनची, म्हणजे डीएनए काढण्याची, पद्धत बदलली की कोणते जिवाणू किती दिसतात हे चित्रच बदलतं, हे त्यात स्पष्ट झालं. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू कमी दिसणं हा त्यातला ठळक धागा. दोन शोधनिबंधांतले मायक्रोबायोमचे (शरीरातल्या जिवाणूंच्या समूहाचे) आकडे जुळत नसतील तर रुग्णांकडे बोट दाखवण्याआधी त्यांनी मणी वापरले होते का ते बघावं.

किंमत अशी मोजावी लागते की डीएनएचे तुकडे पडतात. पीसीआरचा लक्ष्यभाग १००-२०० बेसचा, त्याला काही फरक पडत नाही. शॉर्ट-रीड सिक्वेन्सिंगलाही नाही, तिथे तुकडे मुद्दाम करावेच लागतात. लाँग-रीडला मात्र फार फरक पडतो, तिथे एन्झाइमच बरे. दुसरं, हलवताना नळी गरम होते आणि आत फेस आणि सूक्ष्म थेंब उडतात. झाकण उघडण्याआधी नळी थोडी थांबू द्या, फिरवून घ्या, आणि बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडा. क्षयाच्या संशयित नमुन्यात ही पायरी गाळणाऱ्याच्या शेजारी मी उभी राहणार नाही.

क्षयाच्या चाचणीची काडतुसं (नमुना घालून यंत्रात बसवायच्या बंद डब्या), उदाहरणार्थ २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेली एक्सपर्ट एमटीबी/रिफ, हीच झटापट आतल्या आत अल्ट्रासाउंडने करतात. आधी सोडियम हायड्रॉक्साइड आणि आयसोप्रोपेनॉलच्या द्रावणाने थुंकी पातळ होते, मग काडतुसातच पेशी धरून, धुऊन, फोडल्या जातात. प्रश्न एवढाच असेल की क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन हे औषध चालेल का, तर हाताने एक्स्ट्रॅक्शन करण्याचा अट्टहास कशाला?

नमुन्यागणिक

*रक्त* सगळ्यात अवघड, वर हिशेब दिलाच आहे. आणखी एक गंमत बघा. एक मिलिलिटर रक्तात एकच जिवाणू होता, तो नीट फुटला, एक थेंबही वाया गेला नाही असं धरू. डीएनए १०० मायक्रोलिटरमध्ये काढला आणि त्यातले ५ मायक्रोलिटर पीसीआरला घेतले. एकाच प्रतीचं जनुक शोधत असाल तर ते त्या ५ मध्ये असण्याची शक्यता वीसात एक. पद्धत कितीही भारी असली तरी हे गणित चुकत नाही. त्यावर उपाय तीनच: रक्त जास्त घ्या, शेवटचं द्रव कमी ठेवा, किंवा अनेक प्रती असलेलं लक्ष्य निवडा. ई. कोलायच्या जीनोममध्ये, जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाच्या ७ प्रती असतात. क्षयजंतूत एकच, म्हणून तिथे बऱ्याच प्रतींत आढळणारा आयएस६११० निवडतात. रक्त हेपरिनच्या नळीत घेऊ नका, हेपरिन पीसीआर अडवतं आणि सहजासहजी निघत नाही. ईडीटीए चालतं.

*ब्लड कल्चरची बाटली* पॉझिटिव्ह झाली की जिवाणूंची कमतरता संपते आणि दुसरंच भूत उभं राहतं. रक्त गोठू नये म्हणून बाटलीत सोडियम पॉलिअॅनेथॉल सल्फोनेट असतं. ते डीएनएसारखंच वागतं: फिनॉलमधून तसंच पाण्यात येतं, इथेनॉलमध्ये डीएनएसोबतच खाली बसतं, आणि पीसीआर बंद पाडतं. एक्स्ट्रॅक्शन दिसायला उत्तम, पीसीआर शून्य, असं झालं तर आधी याच्यावर संशय घ्या. बेंझिल अल्कोहोलने ते काढता येतं. अनेकदा द्रव दहापट किंवा शंभरपट पातळ केलं तरी भागतं, कारण इथे जिवाणू मुबलक असतात. रक्तात पातळ करणं परवडत नाही, बाटलीत परवडतं.

*थुंकी.* आधी पातळ करणं आलंच: डायथायोथ्रेटॉल, किंवा क्षयासाठी एन-असिटाइल सिस्टीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड. मग बीड-बीटिंग आणि सिलिका. पातळ करण्यात कंजुषी केली तर एकाच थुंकीच्या दोन भागांचे दोन निकाल येतात, कारण जिवाणू गाठीगाठींत असतात.

*विष्ठा.* पित्तक्षार आणि वनस्पतींची गुंतागुंतीची पॉलिसॅकराइड. विष्ठेसाठी बनवलेलं, इन्हिबिटर (पीसीआर अडवणारे पदार्थ) काढण्याची पायरी असलेलं किटच घ्या. रक्ताचं किट इथे वापरून बचत होत नाही. पीसीआरच्या मिश्रणात थोडं बीएसए हे प्रथिन घातलं तर उरलेला अडसर बराच सैल होतो.

*मेंदूज्वरातलं पाठीच्या कण्यातलं पाणी* हे रक्ताच्या उलट प्रकरण. माणसाच्या पेशी तुलनेने कमी, पण नमुना अर्धा मिलिलिटर मिळाला तरी नशीब, आणि तोही तीन विभागांत वाटला जातो. आधी जोरात सेंट्रिफ्यूज करून पेलेट घ्यावा असं वाटतं. पण प्रतिजैविक सुरू झालेलं असेल तर जिवाणू आधीच फुटून त्यांचा डीएनए वरच्या पाण्यात सुटा झालेला असू शकतो. पेलेट घेऊन तो आपणच फेकून देतो. इथे मी सगळं द्रव वापरते. सिलिका, सोबत कॅरिअर आरएनए (थोडासा डीएनए वाटेत हरवू नये म्हणून घालतात तो), आणि शेवटचं द्रव जमेल तितकं कमी.

लघवीत युरिया आणि क्षारांचे खडे असतात. सेंट्रिफ्यूज करून एकदा बफरने धुतलं की काम बरंच सोपं होतं. नाकाच्या किंवा घशाच्या स्वॅबबद्दल फार बोलण्यासारखं नाही, जवळपास काहीही चालतं. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतींचा डीएनए मात्र मुळातच तुटलेला आणि प्रथिनांशी जखडलेला असतो. प्रोटीनेज केला तिथे पुरेसा वेळ द्या आणि लक्ष्यभाग छोटा ठेवा.

माणसाचा डीएनए आधीच काढून टाकावा?

सॅपोनिनसारख्या सौम्य पदार्थाने माणसाच्या पेशी आधी फोडायच्या, डीएनएज या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने त्यांचा डीएनए चघळून टाकायचा, मग शाबूत राहिलेल्या जिवाणूंची भिंत फोडायची. कल्पना देखणी आहे आणि मेटाजीनोमिक सिक्वेन्सिंगसाठी (नमुन्यातला सगळाच डीएनए वाचण्यासाठी) कधी कधी अपरिहार्य, नाहीतर यंत्राचा सगळा वेळ माणसाचाच जीनोम वाचण्यात जातो. पण विशिष्ट जनुक शोधणाऱ्या पीसीआरला तिची गरज क्वचितच असते, आणि तिचा तोटा पुस्तिकेत बारीक अक्षरात असतो: जे जिवाणू प्रतिजैविकाने आधीच अर्धमेले आहेत, ज्यांची भिंत फाटली आहे, त्यांचा डीएनए माणसाच्या डीएनएबरोबरच नाहीसा होतो. न्यूमोकोकस तर आपलं आपणच फुटण्यात पटाईत. औषध सुरू होऊन दोन दिवस झालेल्या रुग्णात ही पायरी लावली तर खरा रोगजंतूच पुसला जाऊ शकतो.

रिकामी नळी

२०१४ मध्ये एका अभ्यासात साल्मोनेला बोंगोरी हा एकच शुद्ध जिवाणू पायरीपायरीने पातळ करत नेला आणि वेगवेगळ्या किटनी त्याचा डीएनए काढला. पातळ होत गेला तसा अहवालात साल्मोनेला कमी आणि किटमधून, पाण्यातून आलेले भलतेच जिवाणू जास्त. कमी जिवाणू असलेल्या नमुन्यात, म्हणजे रक्तात किंवा पाठीच्या पाण्यात, १६एस पीसीआर करून राल्स्टोनिया किंवा ब्रॅडिरायझोबियम असे माती-पाण्यातले जिवाणू सापडले तर लगेच अहवाल लिहायला बसू नका. टॅक पॉलिमरेजसुद्धा अनेकदा ई. कोलायमध्ये बनवलेलं असतं आणि त्या डीएनएचा अंश सोबत आणतं.

म्हणून प्रत्येक फेरीत एक नळी अशी हवी जिच्यात नमुना नाही, बाकी सगळं आहे, अगदी पहिल्या बफरपासून. फक्त पीसीआरमध्ये पाणी घालून केलेलं निगेटिव्ह कंट्रोल याला पर्याय नाही. त्याने किटची घाण दिसतच नाही. पद्धतींच्या तुलनेत हाही एक निकष धरा: पायऱ्या जितक्या जास्त, बाटल्या जितक्या जास्त, तितक्या घाण शिरण्याच्या वाटा जास्त. उकळण्याची पद्धत इथे चक्क सिलिकाच्या पुढे जाते.

आपल्या बाकावर पारख कशी करायची

विक्रेत्याचा आलेख बाजूला ठेवा. निगेटिव्ह निघालेल्या नमुन्यांचा साठा घ्या, त्यात मोजलेले जिवाणू मिसळा, एक ग्रॅम-निगेटिव्ह आणि एक स्टॅफ तरी हवाच, आणि दहापट उतरत्या पायऱ्या करा. शुद्ध पाण्यात मिसळून पारख करू नका, त्यात सगळ्याच पद्धती पहिल्या येतात. दोन्ही पद्धतींनी डीएनए काढा आणि क्वांटिटेटिव्ह पीसीआरचे सीटी आकडे (डीएनए कितव्या चक्रात दिसू लागला तो आकडा; जितका कमी तितका डीएनए जास्त) शेजारी मांडा. पीसीआर चोख चालत असेल तर दहापट फरकाला सीटीत साधारण ३.३ चा फरक पडतो. एका पद्धतीचा स्टॅफचा सीटी दुसरीपेक्षा ३ ने मागे आणि ई. कोलायचा बरोबरीला असेल, तर दोष भिंत फोडण्यात आहे. दोन्ही जिवाणू मागे असतील तर शुद्धीकरणात, किंवा इन्हिबिशनमध्ये. त्याचाही छडा लागतो: डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. सीटी ३.३ ने वाढला तर सगळं ठीक. वाढलाच नाही किंवा उलट कमी झाला, तर काहीतरी पीसीआर अडवत होतं.

२६०/२८० चं (या दोन तरंगलांबींवरच्या शोषणाचं, शुद्धता दाखवणारं) गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं म्हणून खूश होऊ नका. त्यात माणसाचा डीएनएही आला. २६०/२३० खूप कमी आलं तर ग्वानिडिन किंवा फिनॉल उरलेलं असू शकतं, एवढा त्याचा उपयोग नक्की आहे. क्युबिटसारख्या फ्लुओरेसन्सवर चालणाऱ्या यंत्राचा आकडा जास्त भरवशाचा, पण डीएनए जिवाणूचा की माणसाचा हे त्यालाही कळत नाही.

मला विचाराल तर, मिश्र नमुने येणाऱ्या साधारण निदान प्रयोगशाळेत मी आधी बीड-बीटिंगचं यंत्र आणीन आणि मग सिलिकाचं कॉलम. नमुने दिवसाला तीस-चाळीसच्या वर गेले तर कॉलमच्या जागी चुंबकी मणी. यंत्रासाठी मंजुरी मागताना मात्र उलटंच होतं, सगळे स्वयंचलित एक्स्ट्रॅक्टरच्या मागे लागतात आणि भिंत फोडायचं राहून जातं. कॉलनीवरच्या कामाला उकळणं. लाँग-रीडसाठी कल्चर वाढवून एन्झाइम आणि फिनॉल, किंवा लांब डीएनएसाठी खास बनवलेलं किट. डीएनए वर्षभर ठेवायचा असेल तर नुसत्या पाण्यात नको, १० मिलिमोलर ट्रिसमध्ये, पीएच ८ ते ८.५. टीईमधलं ईडीटीए पुढे पीसीआरचं मॅग्नेशियम पळवतं, त्यामुळे तेही बेतानेच.

आणि पद्धत कुठलीही ठरवा, पहिले काही महिने नमुना सगळाच्या सगळा संपवू नका. जिथे थोडा मागे ठेवणं शक्य आहे तिथे तो उणे ८० अंशांवर ठेवा. एक्स्ट्रॅक्शन फसलं तर ते पुन्हा करता येतं. रुग्णाच्या पाठीत सुई दुसऱ्यांदा घालायला सांगणं तितकं सोपं नसतं.